पिकअप चढाला दम टाकते, क्लच प्लेट टिकत नाही? आधी मागच्या हौसिंगचा रेशो मोजा

जुनी पिकअप सेकंडहँड घेतली. रिकामी असताना मस्त पळते. वाशी मार्केटला माल भरला की तिचं रूप पालटतं. ऐरोलीकडे येताना पुलाच्या चढाला चौथा सोडून तिसरा, तिसऱ्यातही इंजिन गुदमरतं म्हणून दुसरा. घोडबंदरला गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये थांबली तर पुन्हा उचलताना हाफ क्लच धरून ठेवावा लागतो आणि केबिनमध्ये जळका वास सुटतो. गॅरेजवाला प्लेट बदलून देतो. काही महिन्यांत पुन्हा तोच वास. मग कोणी सांगतो पंप उघडा, कोणी नोझल, कोणी टर्बो. बिलं वाढत जातात, गाडी आहे तिथेच.

याच्या उलट्या तक्रारीच्या गाड्याही येतात. रिकामी असो वा भरलेली, साठला इंजिन नुसतं ओरडतं, पाचवा टाकला तरी अजून एक गिअर हवा असं वाटतं आणि ॲव्हरेज बघवत नाही.

ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या पिकअपमध्ये या दोन्ही तक्रारींच्या मुळाशी अनेकदा एकच गोष्ट निघते: गाडीखाली जे हौसिंग आहे, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा लोखंडी डबा, ते त्या गाडीसोबत आलेलंच नाही. आधीच्या मालकाच्या हातून क्राऊन-पिनियन (हौसिंगमधली मोठी आणि छोटी गरारी) फुटलं, त्याने भंगारातून मिळेल ते अख्खं हौसिंग उचललं, यू-बोल्ट आवळले आणि गाडी विकली. पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) ते नीट बसलं, ड्रम जुळले, गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे बोल्ट लागले, म्हणून कुणाला शंका आली नाही. आत दात किती, हे कुणी बघितलंच नाही.

रेशो म्हणजे साधा भागाकार. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील तर ४.१०. क्राऊन ३९ आणि पिनियन ८ असेल तर ४.८७५, बोलताना सगळे ४.८८ म्हणतात. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट ४.८८ वेळा फिरतो. आकडा मोठा तर ओढ जास्त, वेग कमी. आकडा लहान तर उलट. ४.१० च्या जागी ४.८८ आलं की त्याच इंजिनाची त्याच गिअरमधली ओढ सुमारे १९ टक्के वाढते, आणि तितक्याच वेगाला इंजिनही १९ टक्के जास्त फिरतं. एक घ्यायचं तर दुसरं द्यावंच लागतं.

जॅक काढायच्या आधी एक प्रश्न मात्र स्वतःला विचारा. ही गाडी तुमच्याच हातात आधी नीट चढत होती आणि आता चढत नाही, असं आहे का? तसं असेल तर रेशोचा नाद सोडा. दात आपोआप बदलत नाहीत. मधल्या काळात हौसिंग बदललेलं नाही, टायरचा साइज बदललेला नाही, तर दोष दुसरीकडे आहे. चोंदलेला डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, टर्बोचा फुटलेला पाइप, मागे चिकटून राहिलेला ब्रेक. ब्रेकचं कळायला सोपं आहे. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर चारही ड्रम-डिस्कजवळ हात नेऊन बघा (लावू नका, भाजेल). एकच भट्टीसारखा तापला असेल तर गुन्हेगार सापडला.

क्लच घसरतोय की इंजिनाला भार पेलवत नाही, हेही वेगळं करून घ्या. सपाट रस्त्यावर टॉप गिअरला चाळीसच्या आसपास एकदम ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी पुढे गेली नाही, तर प्लेट घसरतेय. आवाज खाली बसला, धूर आला, गाडी कण्हत राहिली, तर इंजिनावर भार जास्त पडतोय: एक तर इंजिन कमजोर आहे, नाहीतर रेशो लोडच्या कामाचा नाही. आणि गाडी पहिल्या दिवसापासून, म्हणजे तुम्ही घेतल्यापासून, अशीच असेल तर रेशो मोजायलाच हवा.

मोबाइलवर पाच मिनिटांत कळतं

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात पाना हातात घ्यावा लागत नाही.

जुन्या पिकअपमध्ये स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते. म्हणजे मीटर चाकाचे फेरे मोजत नाही, शाफ्टचे मोजतो, आणि कंपनीने बसवलेला रेशो व टायर धरून त्याचा वेग दाखवतो. हौसिंग बदललं की मीटर खोटं बोलायला लागतो, आणि किती खोटं बोलतो त्यावरून नवा रेशो काढता येतो.

ठाणे-बेलापूर रोडला सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, शेजारी बसणाऱ्याच्या हातात जीपीएस स्पीड दाखवणारं ॲप द्या. तुम्ही एका वेगाला गाडी स्थिर ठेवा आणि दोन्ही आकडे टिपा. कंपनीच्या अवस्थेतला मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवत नाही. त्यामुळे मोबाइल साठ म्हणतोय आणि मीटर पन्नास, असं असेल तर तिथेच कान टवकारायचे.

भाजीच्या धंद्यातले एक काका अशीच एक पिकअप घेऊन आले होते. वाशीहून जांभळी नाक्याला रोजची फेरी. प्लेट पुन्हा जळली होती. आमच्या पोराने विचारलं, "काका, मीटर बरोबर आहे का?" काका म्हणाले, "मीटर मंद आहे रे. त्याचं काय, चालतंय. तू प्लेटचं बघ." तो "मंद मीटर" हाच तर पुरावा होता. जीपीएसवर ६०, मीटरवर ५०. ५० भागिले ६० म्हणजे ०.८३३. त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये रेशो होता ४.८८. ४.८८ गुणिले ०.८३३ म्हणजे ४.०७. जवळपास ४.१०. झाकण उघडून बघितलं तर ४१ आणि १०. काका इतके दिवस दर गिअरला सोळा टक्के कमी ओढ घेऊन कांदे-बटाटे वाहत होते.

यातली आणखी एक गोष्ट काकांच्या लक्षात आली नव्हती. किलोमीटरही कमी पडत होते. शंभर किलोमीटर चालल्यावर मीटरवर चौऱ्याऐंशीच्या आसपास. ते मीटर बघून नऊचं ॲव्हरेज सांगत होते, खरं होतं पावणेअकराच्या जवळ. चढाची तक्रार खरी, ॲव्हरेजची खोटी.

मीटर जास्त दाखवत असेल, म्हणजे मोबाइल ५० आणि मीटर ६०, तर उलटा प्रकार: कंपनीपेक्षा मोठ्या आकड्याचं हौसिंग, किंवा कंपनीपेक्षा लहान टायर. काटा नाचत असेल तर मात्र केबल खराब आहे, तिच्या आकड्यावरून काही ठरवू नका. आणि ज्या नव्या गाड्यांत वेग चाकाच्या सेन्सरवरून घेतला जातो तिथे ही युक्ती चालत नाही.

जॅकवर मोजायची पद्धत

मोबाइलचा आकडा अंदाज देतो. खात्री खडूने होते.

गाडी सपाट जागी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. हे नीट करा, कारण आता गिअर न्यूट्रलला जाणार आहे आणि हँडब्रेकही सोडायचा आहे. तो मागच्याच चाकांवर लागतो, ओढलेला राहिला तर चाक फिरणार नाही. मागचं एकच चाक उचला. हौसिंगखाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर विसंबून कोणी खाली शिरायचं नाही.

उचललेल्या टायरवर खडूची रेघ मारा आणि तिच्यासमोर मडगार्डवर दुसरी. शाफ्ट हौसिंगला जिथे मिळतो तिथल्या फ्लँजवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या आणि त्याच्यासमोर हौसिंगवर एक. फ्लँजला वर्षानुवर्षांचा ग्रीस आणि चिखल असतो, आधी डिझेलच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ठिपका बसतच नाही. एक जण चाक फिरवतो, दुसरा शाफ्टचे फेरे मोठ्याने मोजतो.

इथे निम्मे लोक फसतात. एक चाक जमिनीवर असताना डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे आतले गिअर) शाफ्ट निम्माच फिरतो. म्हणून चाकाचे दोन फेरे म्हणजे एक धरायचा. दोन फेऱ्यांत शाफ्ट चारपेक्षा जरासा जास्त फिरला तर ४.१० च्या घरात, पाचला जरा कमी पडला तर ४.८८ च्या घरात. पण "जरासा" म्हणजे किती, हे डोळ्याने कळत नाही. त्यापेक्षा चाकाचे वीस फेरे मारा. शाफ्टचे येतील तेवढे फेरे भागिले दहा. ४१ आले तर ४.१०, पावणेएकोणपन्नास आले तर ४.८८. वेळ थोडा जास्त जातो, वाद मिटतो.

दोन्ही चाकं उचलून एक फिरवायला जाऊ नका. दुसरं उलटं फिरतं आणि शाफ्ट जागेवर उभा राहतो. मग लोक म्हणतात हौसिंग खराब आहे. दोन्ही उचललेली असताना दुसरं चाक त्याच दिशेने फिरलं, तर आत लिमिटेड स्लिप किंवा लॉक (दोन्ही चाकांना एकत्र फिरवणारी यंत्रणा) आहे; अशा वेळी चाकाचा एक फेरा तो एकच, दुप्पट करायचा नाही.

आलेल्या आकड्यावरून दात ओळखायला हे ध्यानात ठेवा: ४१/११ म्हणजे ३.७३, ४३/११ म्हणजे ३.९१, ४१/१० म्हणजे ४.१०, ३७/९ म्हणजे ४.११, ३९/९ म्हणजे ४.३३, ३७/८ म्हणजे ४.६३, ३९/८ म्हणजे ४.८८, ४१/८ म्हणजे ५.१३, ४३/८ म्हणजे ५.३८. जुन्या जीपवाल्यांना यातले शेवटचे आकडे ओळखीचे वाटतील: युद्धकाळातल्या विलिस एमबीला ४.८८ होतं, सीजे-३बीला ५.३८. ४.१० आणि ४.११ मधला फरक खडूने कळणार नाही. तो आतले दात मोजूनच कळतो, आणि जोडी मागवताना तो कळायलाच हवा.

ऑइल बदलायच्या निमित्ताने उघडणार असालच तर थेट आत बघा. क्राऊनच्या कडेवर किंवा पिनियनच्या तोंडावर दातांचे आकडे आणि जोडीचा नंबर कोरलेला असतो. डिझेलने धुऊन टॉर्च तिरका धरला की दिसतो. दोन्हीवर जोडीचा एकच नंबर हवा. नंबर वेगळे निघाले तर कुणीतरी दोन तुटक्या जोड्यांतून एक गाडी चालवली आहे, आणि ती जोडी आज ना उद्या ओरडणारच.

अमेरिकेचे आकडे इथे लावू नका

हे लिहायचं कारण म्हणजे व्हिडिओ. तिकडच्या पिकअपचे व्हिडिओ बघून लोक येतात आणि म्हणतात, "भाऊ, ४.१० तर लोडचा रेशो आहे ना? मग माझी का चढत नाही?"

तिकडे तो लोडचाच आहे. जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक स्टिकर असतो, त्यावर जीयू६ असेल तर ३.४२, जीटी४ असेल तर ३.७३, जीटी५ असेल तर ४.१०. फोर्डच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर एक्सलचा कोड असतो आणि हौसिंगच्या झाकणाला पत्र्याचा टॅग. त्यावर ३एल७३ लिहिलं असेल तर ३.७३ आणि लिमिटेड स्लिप. सोय उत्तम. पण ती इंजिनं पाच-साडेपाच लिटरची, पेट्रोलची, आठ सिलिंडरची. आपल्या बोलेरो पिकअपचं इंजिन २५२३ सीसी, त्यावर आपण दीड टन टाकतो, आणि कागदावर लिहिलेलं कोण पाळतो म्हणून आणखी थोडं. तिथला लोडचा आकडा इथे स्पीडचा ठरतो. आपल्या गाडीला आपलं मॅन्युअल.

मग कोणता ठेवायचा?

माझं मत सरळ आहे: गाडी शहरात माल वाहत असेल तर कंपनीने त्या मॉडेलला दिलेला रेशो परत आणा आणि विषय संपवा. भिवंडीची गोदामं, महापे-रबाळेच्या एमआयडीसी, मुंब्रा बायपास, कळंबोलीचं लोखंड. दिवसभर थांबा-उचला, वर खड्डे. इथे स्पीडचा रेशो म्हणजे प्लेटवाल्याची कमाई. ज्यांची गाडी रोज नाशिकला जाते त्यांनाही मी लगेच लहान आकडा सुचवत नाही, कारण वाटेत कसारा आहेच.

तरी हिशोब करून बघायचा असेल तर असा. भरलेल्या गाडीच्या मागच्या टायरला खडूची खूण करा, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या, जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. समजा २.१५ मीटर आलं. ताशी ६० म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर. १००० भागिले २.१५ म्हणजे चाक मिनिटाला ४६५ वेळा फिरतं. टॉप गिअर डायरेक्ट असेल, म्हणजे १.००, तर ४.१० ला इंजिन १९०७ आरपीएमवर (मिनिटाला इतके फेरे), ४.८८ ला २२६९ वर, ५.१३ ला २३८५ वर. पाचवा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १.०० पेक्षा कमी आकड्याचा, असेल तर त्या गिअरच्या आकड्याने गुणा, ०.८० असेल तर ४.८८ ला साठचा वेग १८१५ वर येतो.

आता मॅन्युअलमध्ये बघा की तुमच्या इंजिनाचा पूर्ण टॉर्क (ओढ) कुठल्या आरपीएमला मिळतो. ज्या वेगाला गाडी भरलेली असताना जास्त वेळ चालते, त्या वेगाला टॉपमध्ये इंजिन त्या आकड्यावर किंवा थोडं वर असायला हवं. खाली पडत असेल तर प्रत्येक पुलाला गिअर उतरवावा लागेल. फार वर जात असेल तर डिझेल उगाच जळेल.

टायर याच हिशोबाचा भाग आहे. २१५/७५ आर १५ चा व्यास ७०३ मिमीच्या आसपास, २३५/७५ आर १५ चा ७३३. "भरदार दिसते" म्हणून मोठा टायर चढवला की ४.८८ चं हौसिंग ४.६८ सारखं वागतं. हौसिंग न उघडता चार टक्के ओढ गेली. मीटर कमी दाखवतो म्हणून हौसिंगवर संशय घेण्याआधी टायरवरचा साइज वाचा.

बदलायचं ठरलं तर

दोन रस्ते आहेत. नुसती क्राऊन-पिनियनची नवी जोडी, किंवा बरोबर रेशोचं अख्खं हौसिंग.

नवी जोडी बसवणं बारीक काम आहे. पिनियनची खोली शीमने (पातळ चकत्यांनी) जुळवायची, बेअरिंगचा प्रीलोड (आधीचा ताण) द्यायचा, डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मॅन्युअलच्या मर्यादेत आणायचा, दातांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दाताच्या मध्यावर पडतोय का बघायचं. "हाताने हलवून बघितलं, बरोबर आहे" म्हणणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजा आणि गाडी दुसरीकडे न्या. शिवाय सगळ्या जोड्या एकाच केसवर (डिफरन्शियलचा ज्या भागावर क्राऊन आवळतात तो) बसत नाहीत. जगभर वापरल्या गेलेल्या डाना ४४ एक्सलमध्येच ३.७३ पर्यंत एक केस आणि ३.९२ पासून पुढे दुसरी. जोडी विकत घेण्याआधी केसचं विचारा.

अख्खं हौसिंग घेणं सोपं पडतं, पण ते विक्रेत्याच्या शब्दावर उचलू नका. कुर्ल्याला जा नाहीतर कळंबोलीला, दुकानातच खडू काढा आणि फेरे मोजा. हौसिंग जमिनीवर सुटं असताना दुसरा ड्रम कुणीतरी घट्ट धरून ठेवायचा आणि हिशोब तोच, दोन फेऱ्यांचा एक. सोबत पाट्यांच्या बैठकींमधलं अंतर, ड्रमचा साइज, चाकाचे स्टड, शाफ्टच्या फ्लँजची भोकं मोजून न्या. ऑइलचा बोल्ट उघडून बोट घाला. बोटाला चमचमता चुरा लागला तर पुढच्या दुकानात.

कॅम्परसारखी फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. मागचा एकट्याने बदलून फोर बाय फोर टाकलं की डांबरी रस्त्यावर दोन्ही शाफ्ट एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसचं (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) काम निघतं. एखाद्या टक्क्याच्या आतला फरक चालतो, ४.१० आणि ४.८८ चा नाही. पुढचंही मोजा, पद्धत तीच, फक्त फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून सोडवणारे) असतील तर लॉक करून.

ऑइल हायपॉइड गिअरचंच (क्राऊन-पिनियनसाठीचं), जीएल-५ दर्जाचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं. नवी जोडी असेल तर पहिले काही शे किलोमीटर पूर्ण लोड टाकू नका, मग ऑइल बदला. त्यातून बारीक लोखंड निघतं, ते अपेक्षितच असतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर एकसुरी घुंईऽऽ असा आवाज येत राहिला तर परत मिस्त्रीकडे, तो आवाज चालवून जात नाही.

राहिला मीटर. कंपनीचा रेशो आणि कंपनीचा टायर परत आला तर तो आपोआप सुधारतो. जाणूनबुजून वेगळा रेशो ठेवलात तर गिअरबॉक्समधली स्पीडोची छोटी गरारी बदलून मिळते का विचारा, त्याच गिअरबॉक्सला वेगवेगळ्या दातांच्या येतात. नाहीच मिळाली तर नव्या रेशोला जुन्या रेशोने भागून आलेला आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. मीटरवरचे किलोमीटर त्या आकड्याने भागले की खरे मिळतात, आणि ऑइल बदलायची तारीख चुकत नाही.